पुट्टीसम्राट आणि छतातल्या गांधीलमाश्या

रंगारी म्हणून तो वाईट नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे त्याच्याबद्दल चांगलं सांगण्यासारखं फारसं काही येणार नाही.

भिंत गुळगुळीत करावी ती त्यानेच. अडचण होती ती तोंडाची. बत्तीस वर्षं ह्या लाईनीत काढल्यामुळे जगातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आपल्याला येतं, आणि ते बहुतेक वेळा पुट्टी हेच असतं, अशी त्याची पक्की समजूत होती. भिंतीला तडा? पुट्टी. खिडकीतून वारा? पुट्टी. शेजाऱ्यांचं भांडण ऐकू येतंय? "मधल्या भिंतीत फट असणार, लिहून ठेवा!" आणि हे सांगताना पुट्टीचा पत्रा हवेत असा फिरवायचा, जणू समोरच्याच्या अज्ञानावरही एक हात मारून घेतोय. गिऱ्हाइकं तोंडावर त्याला मास्तर म्हणत. पाठ वळली की पुट्टीसम्राट.

सम्राटाचं साम्राज्य एकाच दारापाशी संपायचं, ते म्हणजे थोरल्या बहिणीच्या. ताई घड्याळं दुरुस्त करायची. राहत्या घरातल्याच एका खोलीत, खिडकीशी टेबल मांडून, डोळ्याला भिंग लावून ती तांदळाच्या कण्यांएवढे स्क्रू चिमट्याने उचलत बसलेली असे. बोलायची कमी, बघायची जास्त. दहा वर्षांपूर्वी तिला एक गांधीलमाशी चावली होती. एकच. अर्ध्या तासात तिचा चेहरा सुजला, घसा आवळला आणि ती कशीबशी वाचली. पुन्हा डंख बसला तर ह्याहून वाईट होऊ शकतं, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. तेव्हापासून पेनासारखं एक इंजेक्शन कायम तिच्या पिशवीत असे.

तर अशा ह्या ताईला एके दिवशी खिडकीच्या चौकटीत एक मेलेली माशी सापडली. तिने ती भिंगाखाली धरली, मग खिडकीच्या काचेतून तासभर बाहेर बघितलं, आणि भावाला फोन केला.

"खिडकीच्या वर भिंतीत भोक आहे. त्यात गांधीलमाश्या राहतायत."

"भोक? मी रंगवलेल्या भिंतीत?" सम्राटाला माश्यांपेक्षा भोकाचंच जास्त लागलं. "शक्यच नाही, ताई."

शक्य होतं. चार वर्षांपूर्वी फॉल्स सिलिंग त्यानेच बसवलं होतं, जुना पाइप त्यानेच काढला होता आणि पाइपाची जागा बुजवायला तोच विसरला होता. येऊन खालून बघितल्यावर त्याला हे लख्ख आठवलं. त्याने घसा खाकरला.

"ह्या कुंभारणी आहेत गं. मातीचं घर बांधतात त्या. अशी हजार घरटी मी भिंतीवरून खरवडलीत. चावत नाहीत, काही नाही. लिहून ठेव."

"कुंभारीण एकटी असते," ताई म्हणाली. "मातीची गोळी घेऊन येते, बांधते, जाते. इथे मिनिटाला आठ-दहा आत-बाहेर करतायत. बोटाच्या दोन पेरांएवढी एकेक, तांबूस, पोटावर पिवळा पट्टा. अंगावर मधमाशीसारखी लव नाही. छत्रीसारखं उघडं लटकणारं पोळंही नाही, म्हणजे बारक्या गांधीलमाश्याही नव्हेत. ह्या मोठ्या जातीच्या आहेत आणि पोळं आत आहे, छताच्या वर. फवारणीवाल्या बाईंना सांगितलंय, त्या गुरुवारी येतील. तोवर तू भोकाला हात लावायचा नाहीस."

"बाहेरचं माणूस माझ्या भिंतीला हात लावणार?"

"तुझी भिंत नाही, माझी आहे. आणि गळाही माझाच आहे."

ह्यावर दुसरा कोणी गप्प बसला असता. सम्राट मान डोलवून घरी गेला, आणि मंगळवारी सकाळी सहाला, ताई झोपेत असताना, शिडी आणि डबा घेऊन हजर झाला. थंडी होती, माश्या सुस्त होत्या. हा त्याला आपला दरारा वाटला. जाळीचा तुकडा कोंबला, वरून पटकन सुकणारी पुट्टी थापली, पत्र्याने दोन हात मारले आणि खाली उतरून लांबून बघितलं. काय ती सफाई! भोक कुठे होतं हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

माश्यांना मात्र सांगता आलं असतं. रात्री बाहेर राहिलेल्या माश्या ऊन वर आलं तशी त्याच जागी घिरट्या घालू लागल्या. ताईने काचेतून ते बघितलं, ताजी पुट्टी बघितली आणि फोन उचलला.

"बुजवलंस?"

"विषय संपला, ताई! मुंगीला वाट ठेवली नाही."

"आत शेकड्यांनी असतील. त्यांना बाहेर पडायचंय. बाहेरची वाट तू बंद केलीस. आता त्या कुठून येतील?"

"कुठून येणार? अन्नपाण्यावाचून मरतील दोन दिवसांत, लिहून ठेव."

बुधवारी ताईने एक घड्याळ बंद केलं, मग दुसरं, मग टेबलावरची सगळी. तरी आवाज येतच होता. कुरकुर, कुरकुर, डोक्यावरून. वर बघितलं तर सिलिंगवर बशीएवढा काळपट डाग आलेला. तिने पिशवी उचलली, खोलीबाहेर आली, दार ओढून घेतलं आणि खालच्या फटीत ओला टॉवेल दाबला. मग फवारणीवाल्या बाईंना फोन लावला.

"डागाला बोटसुद्धा लावू नका," बाई म्हणाल्या. "त्यांनी बोर्ड कुरतडलाय, आता नुसता रंगाचा पापुद्रा उरला असेल. दार बंदच ठेवा आणि तुम्ही घरातून निघा. मी आजच संध्याकाळी येते."

ताई चपला घालत होती, इतक्यात जिन्यात परिचित खोकला ऐकू आला. डागाची बातमी तिने मघाशी त्यालाही फोनवर दिली होती, ती चूकच झाली. रंगाऱ्याला डाग सांगणं म्हणजे मांजरासमोर दुधाचं पातेलं उघडं ठेवणं.

"ओल आहे," सम्राटाने न बघताच निदान केलं. "वरच्या मजल्यावर नळ गळत असणार. खरवडायला पाहिजे."

"त्या दाराला हात लावू नकोस. त्या पापुद्र्यामागे माश्या आहेत."

"ताई, घड्याळातलं तुला कळतं, छतातलं मला." त्याने पत्रा बाहेर काढला. "बत्तीस वर्षं..."

"बाळा, मी मरेन रे."

हे तिने ओरडून म्हटलं असतं तर कदाचित ऐकलं असतं. ती साध्या आवाजात बोलली, आणि साध्या आवाजातलं बोलणं त्याच्या कानापर्यंत पोचायची सोयच नव्हती. टॉवेल पायाने सारून तो आत गेला. स्टुलावर चढला. डागाच्या मधोमध पत्रा टेकवला आणि बत्तीस वर्षांच्या सवयीने एक झकास हात मारला.

पापुद्रा फाटला. पुढचं काम माश्यांनी केलं.

सम्राट स्टुलासकट आडवा झाला, उठला, दार सताड उघडं टाकून "आई गं!" करत धावला, तो थेट ताईच्याच दिशेने. ताई जिन्याच्या दारात होती. हातवारे किंवा धावपळ न करता ती बाहेर सरकली, पण भावाच्या पाठीवरून आलेली एक माशी तिच्या मनगटावर बसली. डंख बसला. ताईने बघितलं, पिशवीतलं पेन काढलं, कपड्यावरूनच मांडीवर दाबून धरलं आणि समोरच्या बिऱ्हाडाचं दार ठोठावलं. "ॲम्ब्युलन्स बोलवा. इंजेक्शन घेतलंय, तरी दवाखाना लागेल." एवढं बोलून ती भिंतीला टेकून खाली बसली. आवाज तोवर घोगरा झाला होता.

सम्राटाला अकरा डंख होते. तो जिन्यात लोळत बोंबलत होता, "मी गेलो! मी गेलो!" आणि ओठ सुजल्यामुळे तेही धड उमटत नव्हतं.

दवाखान्यात ताईचा श्वास ताळ्यावर यायला दोन तास लागले. डॉक्टरांनी तिला रात्रभर ठेवून घेतलं. नर्सने फॉर्म भरताना विचारलं, "काय चावलं?"

"धाकटा भाऊ," ताई म्हणाली.

शेजारच्या खाटेवर बर्फाची पिशवी धरून बसलेल्या धाकट्या भावाने मान खाली घातली. डावा डोळा पूर्ण मिटला होता आणि उजव्यातून पाणी येत होतं.

अंधार पडताना, सगळ्या माश्या पोळ्यावर परतल्यावर, फवारणीवाल्या बाईंनी जाड पोशाख चढवून खोलीत आणि छतात औषध मारलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी फुटबॉलएवढं पोळं खाली काढलं. कागदासारखं, तपकिरी, थरावर थर. ताईला घरी आणल्यावर त्यांनी बजावलं, "बाहेरची पुट्टी मी फोडलीय. उरल्यासुरल्या माश्या औषधावर येऊन मरतील. आठ दिवसांनी हालचाल नाही अशी खात्री झाली की मगच भोक बुजवा. जिवंत पोळ्याचं तोंड कधी बुजवायचं नसतं."

"मी बुजवतो," सम्राट लगेच पुढे झाला. ओठ अजून भज्यासारखा फुगलेला. "आठ दिवसांनी. तू सांगशील तेव्हा. सिलिंगही करून देतो, ताई, नवं."

ताईने भिंग पुसलं, डोळ्याला लावलं आणि टेबलावरचं घड्याळ उघडलं.

"दुसरा रंगारी सांगितलाय," ती म्हणाली. "तू खुर्ची घे. बस."

तो बसला. वर फाटकं सिलिंग होतं, भिंतीत उघडं भोक होतं, आणि त्याला दोन्हीकडे नुसतं बघत बसावं लागलं.