राजाच्या सात पिढ्या

दर हंगामाला वीटभट्टी बदलली की आमची खोपी मोडायची. घराण्याच्या नावागावाचा कागद कुठला टिकणार? घरातली पहिली पदवीधर मीच. मैत्रिणींबरोबर फाशांवर चालणारा राजा-राक्षसांचा खेळ खेळते आणि त्या राज्याचे नकाशे, वंशावळी संगणकावर मांडते. राजाच्या सात पिढ्या एका दुपारी रचल्या.

आई बघत होती. म्हणाली, "खोट्यांना एवढी नावं! माझ्या आजीचं लिही की."

"सांग."

ती आठवू लागली. "म्हातारीच म्हणायचो गं तिला."

आमच्या वंशावळीतली तिची चौकट रिकामी राहिली. खोटं नाव लगेच सुचतं. खऱ्यासाठी सांगणारं माणूस जिवंत लागतं. उरली होती फक्त आईची मावशी, त्या म्हातारीची लेक, तीही बहिरी होत चाललेली. फोनवर ओरडून माझा घसा बसला, रडू फुटलं.

शेवटी मावशीला ऐकू गेलं. "रडतीस काय? माझ्या आईला नाव होतं की! सारजा."

आमच्या चार पिढ्या लिहून झाल्या.