देवाला पत्ता सांगायचा नाही

लढाई सुरू झाली त्याच आठवड्यात आमच्या बहरीनच्या गुदैबियातल्या बिल्डिंगच्या गच्चीवर मी एकाला झापलं होतं. आकाशात काहीतरी फुटलं, खिडक्यांच्या काचा थडथडल्या, बायकापोरं घेऊन सगळे जिन्याखाली धावले, आणि हा शहाणा वर मोबाईल धरून शूटिंग करतोय. म्हटलं, मेल्या, तुला मरायचं तर मर, आमच्या जिवावर का उठतोस? सरकारचा मेसेज सगळ्यांच्याच फोनवर आला होता. फोटो काढू नका, व्हिडिओ काढू नका, कुठे काय पडलं ते कुणाला कळवू नका. मला तर तो शंभर टक्के पटला होता. पलीकडे नेम धरून बसलेल्याला नेम लागला की चुकला हे आपणच कशाला सांगा? अमेरिकेच्या आरमाराचा तळ आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. त्यांचा नेम जरा चुकला तर आम्हीच. तो माणूस गुपचूप खाली उतरला आणि मी बरं केलं असं सगळे म्हणाले.

मी शिवणकाम करते. तळाच्या बाहेरच्या गल्लीत दुकान आहे, मालक बहरीनी, कामाला मी आणि एक मशीन. अमेरिकन पोरं-पोरी युनिफॉर्म घेऊन येतात, कुणाची पँट आखूड करायची, कुणाच्या छातीवर नावाची पट्टी लावायची. आमचे हे फ्रीजच्या व्हॅनवर ड्रायव्हर. मीना सलमान बंदराच्या गोदामातून थंड माल उचलायचा आणि हॉटेलांना टाकायचा. लढाई सुरू झाली तरी हॉटेलं चालूच होती. सायरन वाजला की हे कुठल्या रस्त्यावर असतील या विचाराने माझे टाके वाकडे पडायचे. सुईत दोरा जायचा नाही. उगाच शौर्याच्या गोष्टी सांगत नाही, मी घाबरले होते. दिवसभर घाबरलेलीच असायचे.

आता आमच्या ह्यांचं एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही सिंधुदुर्गातले. आमच्याकडे काही शुभ असो की संकट असो, आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. नारळ ठेवायचा, एकाने मोठ्याने देवाला सगळं सांगायचं, आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्या पुरुषांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. ह्यांचे काका गावात गाऱ्हाणं घालायचे, तोच आवाज ह्यांच्याकडे आला. बहरीनमध्ये कुणी नवी गाडी घेतली, दुकान उघडलं, गणपती आणला, की ह्यांना बोलावणं. गाऱ्हाण्याचा एक नियम आहे. देवाला मोघम सांगायचं नाही. कुठलं गाव, कुठली वाडी, कुणाचं घर, कुठल्या अंगाला काय संकट, सगळं नीट सांगायचं. माझी सासू म्हणायची, मोघम सांगशील तर देव पण मोघमच करतलो.

लढाईत लोकांना एकत्र जमता येईना. गाववाल्यांचा व्हॉट्सअॅपवर ग्रुप आहे, त्यात सगळे एकच म्हणू लागले, गाऱ्हाणं घाला आणि पाठवा. ह्यांनी एका सोमवारी सकाळी आंघोळ करून नारळ ठेवला, शेजारच्या फ्लॅटमधल्या आमच्याच गावच्या चौघांना बोलावलं आणि फोन देवासमोर उभा करून सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! तुझी लेकरां परमुलखात अडकली हत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मग एकेकाचं दुःख आलं. मीना सलमानला थंड गोदामाच्या मागच्या बाजूला वर्कशॉपचा पत्रा कोसळला, तिथे आपला अमक्या वाडीतला वेल्डर आहे, त्याला सांभाळ. बुदैयाच्या हायवेला, खजुराच्या बागेच्या अंगाला, जळके तुकडे पडले, तिथल्या व्हिलात आपला एक भाऊ ड्रायव्हर आहे, त्याच्यावर नजर ठेव. सगळं खाणाखुणांसकट. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, बायका त्यात 'व्हय' म्हणत नाहीत, पण माझ्या डोळ्यांना धार लागली होती. किती दिवसांनी वाटलं की आपण इथे आहोत हे कुणालातरी माहीत आहे. गच्चीवरचा तो शूटिंगवाला तेव्हा माझ्या मनातही आला नाही. त्याचं ते शूटिंग होतं, आमचं तर देवाचं होतं.

ते रेकॉर्डिंग ग्रुपमधून गावाला गेलं, गावातून मुंबईला, आणि तिथून कुणाकुणाकडे गेलं ते देवच जाणे. कुणीतरी त्याला आगीचा एक फोटो जोडला आणि खाली लिहिलं, बहरीनमधून थेट. दोन-तीन दिवसांत तेच परत फिरून आमच्याच बिल्डिंगमधल्या केरळच्या नर्सच्या फोनवर आलं. मग ह्यांना फोन आला. सीपीआरचं ओळखपत्र आणि मोबाईल घेऊन पोलीस स्टेशनला या.

मी बरोबर गेले. वाटेत हे एकच म्हणत होते, अगो, मी काय वाईट केलंय? बाकावर आम्हाला बसवलं, मग ह्यांना आत नेलं. दार पूर्ण लागलं नव्हतं. आतून ह्यांचाच आवाज ऐकू आला, फोनमधून. बा देवा म्हाराजा. आणि मागोमाग चौघांचं व्हय म्हाराजा. थांबवलं, परत लावलं. उर्दू जाणणारा एक अधिकारी होता, त्याला ठिकाणांची नावं कळत होती आणि 'महाराज' कळत होतं. बाकी आमची मालवणी त्याच्या बापजन्मी कळायची नाही. मग त्याने विचारलं,

"ये महाराज कौन है? किस को रिपोर्ट दे रहे हो? और ये चार आदमी कौन हैं?"

मनाने त्या माणसाच्या जागी बसून मी ऐकलं, आणि देवाशपथ सांगते, मलाही ते तसंच ऐकू आलं. एक माणूस कुठल्यातरी साहेबाला ठिकाणं सांगतोय, कुठे पडलं, कशाच्या मागे पडलं, आणि चार जण हो साहेब, हो साहेब करतायत. आमचे हे 'भगवान है साब, भगवान है' म्हणत होते. आधीच ह्यांचं हिंदी दिव्य, त्यात घाबरल्यावर तेही आटलं. संध्याकाळी मला एकटीलाच घरी पाठवलं. ह्यांना ठेवून घेतलं. किती दिवस, ते कुणी सांगेना. शेजारच्या चौघांनी फोनमधून ग्रुप काढून टाकला आणि माझ्याशी जिन्यात बोलायचं बंद केलं. त्यांच्यावर राग आला, पण त्यांचीही पोरंबाळं गावाला पैशांची वाट बघत होती.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं, घरी बसले असते तर भिंतीला डोकं आपटलं असतं. दुपारी एक अमेरिकन मुलगी युनिफॉर्म न्यायला आली. नेहमीची, बारीक केसांची, येताना माझ्यासाठी इथला दुधाचा करक चहा आणणारी. तिने विचारलं, रडलीस का? मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. मनात आशा होती, ती आरमारातली, तिचा कुणी मोठा साहेब एक फोन करेल. ती म्हणाली, तसं आम्हाला करता येत नाही, करूही देणार नाहीत. मग मी चिडूनच विचारलं, तुमच्या देशात प्रार्थना केली म्हणून माणसाला धरून नेतात का?

ती युनिफॉर्मची बटणं लावत-काढत बसली. म्हणाली, आमच्याकडे फोन उघडायचा तर आधी न्यायाधीशाला विचारावं लागतं. मग म्हणाली, पण लढाईत न्यायाधीशही घाबरतात. तिच्या घरात यावरून भांडण चालू होतं. बाप म्हणतो, माझ्या पोरीचा जीव वाचणार असेल तर सगळ्यांचे फोन उघडा. भाऊ म्हणतो, मग आपण लढतोय तरी कशासाठी? मी विचारलं, आणि तू काय म्हणतेस? ती म्हणाली, मी काही म्हणत नाही, मला परवानगी नाही. आई रोज विचारते कुठे आहेस, आणि मी लिहिते, मी ठीक आहे. कुठे ते लिहायचं नाही. मला एकदम सासूचं मोघम आठवलं. ही एवढी मोठ्या देशाची लेक, आणि आईलाही मोघमच सांगते. तिने जाताना माझा हात घट्ट धरला. त्यानंतर ती परत आली नाही, त्यांना दुसरीकडे हलवलं असं मालक म्हणाला.

शेवटी धावले ते रत्नागिरीचे चाचा. कोकणी मुसलमान, बंदरातल्या एका कंपनीत जन्मभर क्लार्क, अरबी अशी बोलतात की तोंडाकडे न बघता ऐकलं तर बहरीनीच वाटतील. गणपतीत आमच्याकडे मोदक खायला यायचे, ह्यांचं गाऱ्हाणं कौतुकाने ऐकायचे. मला म्हणाले, "चल पोरी, मी सांगतो त्यांना. तू फक्त रडू नको आणि कुणाशी भांडू नको." दुसरं कठीण होतं. त्यांनाही भीती होतीच, वाटेत सारखी टोपी काढून घालत होते. या वयात दुसऱ्याच्या भानगडीत कोण पडतं?

या वेळी समोर मोठा अधिकारी होता. केस पिकलेला, डोळे झोप न झालेले. चाचांनी त्याला समजावलं की ही दुआ आहे. आमच्या कोकणात हिंदू लोक देवाला महाराज म्हणतात, आणि बाकीचे म्हणतात ते आमीनसारखं आहे. अधिकाऱ्याने रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं, या वेळी डोळे मिटून. मग चाचांना अरबीत काहीतरी विचारलं. मी त्यांची बाही ओढली तेव्हा त्यांनी मराठीत सांगितलं.

"ते विचारतायत, देवाला आधीच ठाऊक नसतं का? त्याला पत्ता कशाला सांगायचा?"

हे कोपऱ्यात उभे होते, दाढी वाढलेली, त्याच शर्टात. आमच्या बापजाद्यांपैकी कुणालाच हा प्रश्न पडला नव्हता. अधिकारी आवाज न चढवता चाचांमार्फत म्हणाला, की परवा जिथे पडलं तिथे त्याच्या बहिणीचं घर आहे, आणि तुमचा देव ऐकतो तेच दुसरंही कुणी ऐकतं. मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. तो खोटं बोलत नव्हता. आणि आमचे हे पण निर्दोष होते. दोन्ही एकाच खोलीत खरं होतं, आणि कुणाचं वजन जास्त ते ठरवायचा काटा त्याच्या हातात होता, आमच्या नाही.

पुन्हा असं करणार नाही अशा कागदावर सही घेऊन ह्यांना सोडलं. फोन ठेवून घेतला. चाचांनी आम्हाला बिल्डिंगच्या दारापर्यंत सोडलं आणि वर चहाला काही आले नाहीत. मी घरात आल्याआल्या ह्यांच्यावर ओरडले, मग रडले, मग भाकरी भाजायला बसले. हे देव्हाऱ्यासमोर बसले होते, पण हात जोडलेले नव्हते.

त्या शुक्रवारी सकाळी सायरन वाजला. आमचं स्वयंपाकघर बिल्डिंगच्या आतल्या बाजूला, खिडकी नाही, म्हणून शेजारचे चौघे लाज सोडून आमच्याकडेच आले. मी काही बोलले नाही, दार उघडलं. पहिला आवाज लांबून आला, दुसरा जवळून. ओट्यावरचे डबे वाजले. त्यातला एक जण म्हणाला, गाऱ्हाणा घाला ओ. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मग त्या चौघांच्या हातातल्या फोनकडे. चौघांनी फोन बाहेरच्या खोलीत ठेवले, मीही माझा ठेवला, दार ओढून घेतलं. ह्यांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा," हे म्हणाले आणि थांबले. मग हळूच म्हणाले, "तुका सगळा ठावक आसा."

बस्स, एवढंच. ना बिल्डिंग, ना रस्ता, ना कुणाचं नाव. चौघे तोंड उघडून उभे होते, व्हय कशाला म्हणायचं तेच त्यांना कळेना. तिसरा आवाज इतका जवळून आला की दिवा गेला. आणि मला सासूचा शब्द आठवला, मोघम सांगशील तर. मी अंधारात ह्यांचा शर्ट मुठीत धरला आणि तोंड घट्ट मिटून देवाला सगळं सांगितलं. गुदैबिया म्हाराजा, किराण्याच्या कोल्ड स्टोअरच्या वरची पिवळी बिल्डिंग, तिसरा मजला, डावीकडचं दार, आतलं स्वयंपाकघर, निळ्या शर्टातला हा माझा माणूस, चुकू नको. 'व्हय म्हाराजा' म्हणायला कुणी नव्हतं, म्हणून तेही मीच मनातल्या मनात म्हटलं.