मानाच्या बैलावरचे पाटील

किसना माळी कोणाचीही सारवलेली भिंत दिसली की आधी तिच्यावरून हात फिरवायचा, मग घरधन्याला विचारायचा, "काढू काय?" उत्तर यायच्या आत चित्राला सुरुवात झालेली असायची. लोक वैतागायचे, पण चित्र कोणी पुसत नसे. वाशीमच्या शाळेत ड्रॉइंग मास्तरांनी त्याला तांब्या काढायला सांगितला. यानं तांब्यानं पाणी पिणारे मास्तर काढले. तिथंच शाळा सुटली. "निरा तांब्या काहून काढू? पेनारा नको काय?" असं तो अखेरपर्यंत म्हणायचा. जाऊन बरीच वर्षं झाली त्याला.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. आमच्या इंझोरी गावच्या पोळ्याला त्यानं आम्हा तिघा दोस्तांना गोळा केलं. म्हणाला, "ठिपके तं सारेच देतेत. आपून चित्रं काढू. बैलच गावाले दाखवतीन."

नाल्यावर बैल धुऊन झाले, तसे आम्ही गेरू, काजळ आणि चावून मऊ केलेल्या निंबाच्या काड्या घेऊन बसलो. किसनाला आपल्या बैलावर चावडीत झोपलेले पाटील काढायचे होते. पोट वर, तोंड उघडं. काढलेही झकास, फक्त बैल पाटलांचा, तोही मानाचा निघाला! शेतकऱ्याच्या पोरानं बैल चुकावा हे आक्रीतच. पण चित्र डोक्यात शिरलं की किसनाला बैल दिसत नसे, नुसती पांढरी जागा दिसे. पाटलांच्या गड्यानं ते पाहिलं आणि घाबरून वर झूल टाकली.

किसनाच्या बाबांची वांगी-मेथी पाटलांच्या विहिरीवर पिकायची. पाटलांनी पाणी तोडलं की घर बसलंच.

पाटलांच्या दारात पाटलीणबाई मानाच्या बैलाला ओवाळू लागल्या आणि नेमकी तेव्हाच झूल घसरली. बाबांनी हात जोडले. किसना पुढं झाला.

"पाटील, म्या काढलं. बाबाले काई मालूम नाई. पानी तोडू नका."

पाटलीणबाई आरतीचं ताट सावरत खुदकन हसल्या. "अवो, हे अस्सेच घोरतेत!"

पाटील चित्राजवळ गेले.

"किसन्या, मिशी एकीकडून कमी हाये. पुरी कर आंधी. अन् पानी कोन तोडून राह्यलं बे तुह्यं?"

बाबांनी जोडलेले हात कपाळाला लावले. मला तर हायसं वाटून रडूच आलं. घाईघाईत किसनाकडून मिशी आणखीच वाकडी झाली. पण ती पुरी होईपर्यंत पाटील बैलाशेजारी पोट आत ओढून उभे होते.