अक्का फ्रीच असते ना!

"अक्का गेली. कोण फ्री आहे, लवकर घरी या."

हा मेसेज बाबांनी आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला. मी चेन्नईत होते, ऑफिसच्या ट्रेनिंगला. पहिलं वाक्य दोनदा वाचलं, आणि दुसरं वाचून डोकं फिरलं. खरं सांगते, आधी रडू आलंच नाही, आधी राग आला. अहो, बाई गेल्याची बातमी देतानासुद्धा तोच शब्द? ज्या शब्दाने तिला आयुष्यभर राबवलं, तोच? महिना होऊन गेला, राग काही उतरत नाहीये. हे छापून आलं की आमच्या घरात बोंब होणार आहे. होऊ दे.

अक्का म्हणजे माझी आत्या, बाबांची मोठी बहीण. आम्ही बंगळूरचे मराठी, किती पिढ्यांपासून ते कोणालाच नीट माहीत नाही, त्यामुळे बोलण्यात निम्मं कन्नड, आणि आत्याला आत्या न म्हणता अख्खं घर अक्काच म्हणायचं. तिने लग्न केलं नाही. का ते विचारलं की "तेव्हा घरात आजारपण होतं गं" एवढंच. इंदिरानगरच्या मागच्या गल्लीत आमचं घर आहे, खाली बाबा आणि काकांचं भांड्यांचं दुकान, वर आम्ही सगळे. बाबा-काका दुकानात, आई शाळेत शिकवते, काकू ट्यूशन घेते, मी हेब्बाळला ऑफिसात. आणि अक्का? अक्का फ्री. सगळ्यांचा स्वयंपाक करायची, पण फ्री. गॅसवाला यायचाय? अक्का फ्री आहे. काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन, हॉस्पिटलात कोण बसणार? अक्का फ्रीच असते ना! कोणाचं बाळंतपण असो, कोणाच्या घराची वास्तुशांत असो, फोन यायचा तो सरळ "अक्काला पाठवून द्या", जशी काही ती साबणावर फ्री मिळालेली प्लॅस्टिकची डबी आहे!

तिलाही हे कळायचं बरं का. गरीब गाय वगैरे नव्हती ती, जीभ चांगली तिखट होती. दिवाळीला काकूने तिला गाऊन आणला, वर "फ्री साइझ आहे अक्का, तुम्हाला होईल." अक्काने उलटापालटा करून बघितला आणि म्हणाली, "होणारच. या घरात माझं सगळंच फ्री साइझ. ज्याला पाहिजे त्याने अंगात घालावं." काकूला कळलंच नाही, ती हसली! माझा मात्र चहा नाकातून बाहेर आला.

मग आमच्या कर्नाटकात बायकांना सरकारी बस फ्री झाली. घरात दोन दिवस नुसती चर्चा, सरकारचं दिवाळं निघणार वगैरे. आणि एक दिवस जेवताना अक्का म्हणाली, "बुधवारी मी नाहीये."

"नाहीये म्हणजे? कुठे जाताय?" काकू.

"बसमध्ये."

"बसमध्ये कुठे?"

"बस जाईल तिथे."

सगळे हसले. बाबा म्हणाले, "अगं अक्का, काम काय आहे तुझं?" ती म्हणाली, "काम नाही म्हणूनच चाललेय." आणि गेली! खरंच गेली! खांद्याला ती निळ्या कापडाची पिशवी, त्यात पाण्याची बाटली, भाजलेले शेंगदाणे, आणि सीट टोचते म्हणून घडी केलेला जुना स्वेटर. जी बस आधी येईल ती. कंडक्टर विचारायचा, "अज्जी, कुठे?" ही म्हणायची, "लास्ट स्टॉप." तिथे उतरून अर्धा कप कॉफी, आणि त्याच बसने परत. घरी आली की माझ्या खोलीत येऊन पायावर पाय टाकून बातम्या द्यायची. कुठल्या तरी चौकात तिने 'फ्री लेफ्ट'ची पाटी बघितली होती. मला म्हणते, "डावीकडे वळणं फ्री, मग उजवीकडे वळायचे पैसे घेतात का गं मेघू?" मी हसून हसून गादीवरून खाली पडले. इतकी खूश मी तिला कधी, कधी बघितली नव्हती... गालांवर उन्हाने लाली आलेली, वय लहान झाल्यासारखं.

आणि ते आमच्या घराला बघवलं नाही. मुद्दाम कोणी काही केलं नाही, ह्याचाच मला जास्त राग येतो. माझी चुलतबहीण राजी लांब, शहराबाहेर आनेकलला राहते, तेव्हा तिला दिवस गेलेले. एका बुधवारी अक्का चप्पल घालत होती आणि काकू डबा घेऊन आली. "अक्का, तुम्ही बसनेच फिरणार ना, मग आनेकललाच जा की! राजीला एवढं द्या. तुम्हाला तसंही तिकीट फ्री." बस्स. त्या दिवसापासून बुधवार आनेकलचा झाला. डब्याबरोबर लोणच्याची बरणी, मग बाळाची दुपटी, मग बाबांचं "आनेकलच्या दुकानदाराला हे कुकरचे गास्केट देशील का?" पिशवी फुगत गेली. स्वेटरला जागा राहिली नाही, तो घरीच राहिला. एक बाई आठवड्यातून एक दिवस मोकळी बसते, तर तोही दिवस ह्यांनी कुरिअरला लावला!

एकदा मी सुट्टी टाकून तिच्याबरोबर गेले. मार्केटहून आनेकलची बस, गच्च भरलेली. डबे सांडू नयेत म्हणून पिशवी पूर्ण वेळ मांडीवर धरलेली, त्यामुळे खिडकी मिळूनही बाईसाहेबांना बाहेर बघता येईना. राजीच्या दारात पोचलो तर ती फोनवर. डबा घेतला, हाताने खूण केली, मग फोनवर हात ठेवून म्हणाली, "अक्का, आत्ता स्वल्प बिझी आहे, पुढच्या वेळी निवांत बस हं." पाणीसुद्धा नाही. येताना मी बसमध्ये राजीला शिव्या घालत होते, तर अक्का बायकांच्या त्या गुलाबी फ्री तिकिटाची गुंडाळी करत म्हणाली, "जाऊ दे गं. मला ना, हेब्बाळचं तळं बघायचं होतं. तुझं ऑफिस पण खालून बघितलं असतं. तिकडची बस एकदा पण नाही धरली."

"मग पुढच्या बुधवारी जाऊ!"

"पुढच्या बुधवारी राजीला डिंकाचे लाडू पोचवायचेत."

"नाही म्हण ना अक्का!"

"काय सांगून नाही म्हणू? मी फ्री नाही असं?" आणि ती हसली. मला नाही हसू आलं.

गेल्या काही महिन्यांत तिला जिना चढताना धाप लागायची. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा इको काढून घ्या, एकट्या जाऊ नका. आई ग्रुपवर लिहून मोकळी झाली, "अक्काबरोबर इकोला कोण फ्री आहे?" आणि मग जे काय सुरू झालं! काकांचा दुकानात स्टॉक यायचा होता. काकूच्या ट्यूशनच्या मुलांच्या परीक्षा. आईला शाळेत इन्स्पेक्शन. घरातल्या सगळ्यांच्या रिपोर्टांच्या फायली जिने हॉस्पिटलात छातीशी धरून फिरवल्या, तिच्यासाठी सकाळचे दोन तास कोणाकडे नाहीत! मी चेन्नईहून लिहिलं, शनिवारी येतेय, मी नेते, तोपर्यंत तिला कुठेही पाठवू नका. बाबांनी खाली 'ओके'वाला अंगठा टाकला. आणि बुधवारी डबा आनेकलला गेला. अक्काच घेऊन गेली. गुरुवारी सकाळी ती उठलीच नाही.

घरी पोचले तर हॉल माणसांनी भरलेला. बघा, त्या दिवशी सगळे फ्री होते! दुकान बंद, ट्यूशन बंद, राजीसुद्धा आनेकलहून आली होती, टॅक्सीने. कोणीतरी म्हणालं, "बरं झालं, अंथरुणाला न खिळता फ्री झाली बिचारी." मी ओरडले, "कशातून फ्री झाली? नाव घेऊन सांगा ना! कोणाकोणातून?" बाबा म्हणाले, "मेघू, आत जा." गेले आत. पण बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, ते नंतर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत... कोणाशीच बोलले नाहीत.

तेराव्यानंतर दाराआडच्या खुंटीला पिशवी तशीच लटकलेली होती. काकूने ती काढली, झटकली, आणि अगदी सहज, भाजीचा भाव विचारावा तशी म्हणाली, "आता आनेकलला कोण जाणार? मेघू, तू बुधवारी घरूनच काम करतेस ना?" मी तिच्या हातातून पिशवी ओढून घेतली. बंद तुटता तुटता राहिला.

ह्या बुधवारी मी खास ऑफिसला गेले. रोज मी ऑफिसच्या कॅबने जाते, पण त्या दिवशी हेब्बाळची साधी बस धरली. पिशवीत बाटली, शेंगदाणे, आणि घडी केलेला स्वेटर. मी खिडकी सोडून बसले, खिडकीत पिशवी ठेवली. दोन स्टॉपनंतर बस भरली, एक बाई येऊन पिशवीकडे बोट दाखवून म्हणाली, "सीट फ्री आहे का?"

मी म्हटलं, "नाही."

ती भडकली. कन्नडमध्ये सुनवायला लागली, फुकटात बसता आणि वर पिशव्यांना सीट पाहिजेत, वगैरे. आजूबाजूचे बघायला लागले. तिचं बरोबरच होतं, मला कळत होतं. तरी मी पिशवी मांडीवर घेतली नाही. हेब्बाळचं तळं येईपर्यंत नाही.