विहिरीत शिकलेलं पोहणं

फॉर्मवर एक रकाना होता: पोहता येतं का? आमच्या ह्यांनी तिथं ठसठशीत अक्षरात 'हो' लिहिलं. जळगावात, पिंप्राळ्याच्या आमच्या दोन खोल्यांत, जेवणाच्या टेबलावर, कागदाला तेल लागू नये म्हणून खाली पेपर पसरून लिहिलं. मी समोरच मेथी निवडत बसले होते. मला वाटलं, वीजबिलाची तक्रार लिहितायत.

तसं ते खोटं नव्हतं. ह्यांना पोहता येतं. हे मूळचे पहूरचे. सासरे तिथं मास्तर होते, आणि घराला लागूनच एका केळीवाल्या नानांचा मळा. आमचं घर ख्रिस्ती, नाना माळकरी, पण विहिरीत सगळी पोरं सारखीच बुडतात असं नाना म्हणायचे. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधायचा आणि काठावरून द्यायचं ढकलून. "घाबरतो काय, मी हाये ना वरती!" एवढंच शिक्षण. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात ह्यांनी मला ती विहीर दाखवायला नेलं. गुडघे पोटाशी घेऊन वरून असा मुटका मारला, की पाणी काठावर माझ्या साडीपर्यंत आलं. मग मान वर काढून, हसत हसत, कडेकडेनं गोल गोल पोहत राहिले. काय सुंदर पोहतो माझा नवरा, असं मला वाटलं. नवीन लग्न होतं, तेव्हा सगळंच सुंदर वाटायचं.

तर तो फॉर्म. स्कॉटलंडमध्ये एका तळ्याकाठी मुलांचं ख्रिस्ती शिबिर चालतं. आठवडाभर मुलं येतात, तंबूत झोपतात, दोरांवरून चढतात, होड्या वल्हवतात, संध्याकाळी शेकोटीभोवती गाणी आणि प्रार्थना. तिथं वर्षभरासाठी एक जोडपं हवं होतं. बाई स्वयंपाकघरात, बुवा होड्यांवर. आमच्या पाळकसाहेबांनी ह्यांच्या कानावर घातलं आणि ह्यांनी दोघांच्या नावानं फॉर्म भरून टाकला. मला कधी कळलं? रविवारी, उपासना सुटल्यावर, मंडळीतल्या बायका माझं अभिनंदन करायला आल्या तेव्हा! मी आपली हसून "प्रभूची इच्छा" म्हणाले. चारचौघांत नवऱ्याला तोंडघशी कसं पाडणार? स्कूटरवरून घरी येईपर्यंत मात्र मी एक शब्द बोलले नाही. ह्यांना वाटलं, आनंदानं गप्प आहे. कपाळ माझं.

मला जायचं नव्हतं. धुळ्याला माझे आबा एकटे होते. आई गेल्यापासून दर दुसऱ्या शनिवारी मी बसनं धुळ्याला जायची, घर झाडायची, पुरतील तेवढ्या कळण्याच्या भाकरी थापून ठेवायची आणि रविवारी त्यांच्याबरोबर देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, त्यांच्याच बाकावर बसायची. आबांना सांगितलं तर म्हणाले, "जाय बेटा. मनी काळजी नको करू. बठ्ठं बरं शे." पण सगळं बरं आहे असं सांगताना माझ्याकडे न बघता खुर्चीचा हात पुसत होते. म्हाताऱ्या माणसाचं बरं असणं कसं असतं, ते मुलीला कळतं.

गेलो. तिथं एप्रिलातही असं गारठवणारं वारं, की आमच्या जळगावचं चवेचाळीस डिग्री ऊन मला स्वप्नात यायचं. शिबिराच्या प्रमुख एक साठीच्या बाई होत्या. सगळे त्यांना नावानं हाक मारायचे, दहा वर्षांची पोरंसुद्धा. आमच्या जिभेला ते काही जमेना. आम्ही दोघं मॅडम म्हणत राहिलो आणि त्या दरवेळी डोळे फिरवत राहिल्या. मी दोनशे अंडी उकडायला शिकले. रविवारी कोठाराच्या खिडकीपाशी फोनला रेंज यायची, तिथून आबांशी बोलायची, मग मोरीचा नळ सोडून रडायची आणि तोंड धुऊन बटाटे सोलायला बसायची.

आणि हे? हे तर बहरले होते! जळगावात हे एका कॉलेजात प्रयोगशाळेत काम करायचे. पंधरा वर्षं काचेच्या नळ्या धुतल्या, पण एका पोराला ह्यांचं नाव ठाऊक नव्हतं. इथं मुलं तंबूतून डोकं काढलं की पहिलं ह्यांना शोधायची. दोराची गाठ सुटली, हेच. बुटात पाणी गेलं, हेच. कुणाला घरची आठवण आली तरी हेच, आणि इंग्रजी तर ह्यांचं मोडकंतोडकं. एकदा रडणाऱ्या मुलीशी हे चक्क मराठीत बोलत होते आणि ती मान डोलवत होती. हा माणूस इतका बोलतो हे मला लग्नाच्या चौदाव्या वर्षी कळलं. आता अशा माणसाला कोणत्या तोंडानं सांगायचं, की चला, घरी जाऊ?

उन्हाळ्याआधी पोहण्याची परीक्षा असते. एका लाकडी धक्क्यावरून पाण्यात उतरायचं आणि सरळ पोहत पलीकडच्या धक्क्याला हात लावायचा. ती पास झाल्याशिवाय मुलांबरोबर होडीत बसता येत नाही. आणि होड्यांचं काम जमत नसेल तर दुसरं जोडपं बोलवावं लागेल, तुम्हाला परत जावं लागेल, असं मॅडमनी आधीच प्रेमानं पण स्पष्ट सांगितलं होतं.

पहिल्या दिवशी नुसता सराव म्हणून हे धक्क्यावर उभे राहिले आणि काय केलं असेल? मुटका! सगळे नखशिखांत भिजले, मॅडमच्या चहाच्या कपात तळं आलं. मग मान वर काढून पोहायला लागले आणि दहा-बारा हात गेल्यावर वळले डावीकडे. आणखी वळले. आणखी. मोठं गोल रिंगण घेऊन, जिथून निघाले होते त्याच धक्क्याला परत! पुन्हा सुटले, पुन्हा रिंगण. लोकांना वाटलं गंमत करतायत, टाळ्या वाजवल्या. मला मात्र लख्ख दिसली ती नानांची विहीर.

"अहो, सरळ जा ना! डोक्यावर पडलात का?" मी ओरडले.

"सारखं वाटतं, आता भिंत येईल," हे कुडकुडत म्हणाले. "आपोआप वळतो गं मी."

आयुष्यभर नाकासमोर चालणारा माणूस, पाण्यात नेमका वाकडा! मॅडमनी दहा दिवस दिले. "तू त्या टोकाला उभी राहा," हे मला म्हणाले. "हाका मार. तुझ्या आवाजाकडे बघत येतो."

मग रोज दुपारी, भांडी आवरली की मी पलीकडच्या धक्क्यावर. मला स्वतःला तांब्याभर पाण्याचीही भीती, आणि मी निघाले पोहायला शिकवायला! "इकडे! माझ्याकडे! डावीकडे नाही, देवा रे, डावीकडे नाही!" घसा बसायचा. हे यायचे, अर्ध्यात वळायचे, मी बोंब मारली की पुन्हा सरळ व्हायचे. हळूहळू जमत होतं. आणि खरं सांगते, जसजसं जमत होतं तसतसं मला ते नकोसं होत होतं. हे नापास झाले तर कुणाचाच दोष नाही. ना त्यांचा, ना माझा. विहिरीचा. आम्ही बॅगा भरू, मंडळीत थोडी कुजबुज होईल, आणि दुसऱ्या शनिवारी मी धुळ्याच्या बसमध्ये असेन. रात्रीच्या प्रार्थनेत हे म्हणायचे, "प्रभू, मला सरळ ने." मी आमेन म्हणायची, आणि मला माझीच लाज वाटायची.

परीक्षेच्या सकाळी वारा होता. मॅडम होडीत बसून बाजूनं चालल्या होत्या. ह्यांनी मुटका मारला नाही, शिडीवरून शहाण्यासारखे उतरले. मी हाका सुरू केल्या. निम्म्यापर्यंत अगदी नाकासमोर आले. मग एक लाट तोंडावर बसली, हे थांबले, डावीकडे कलले, आणि तिथंच पाण्यात पाय मारत उभे राहिल्यासारखे राहिले. नुसतं डोकं दिसत होतं. माझ्याकडे बघत होते.

आणि मी गप्प झाले.

दम लागला म्हणून नाही. ठरवून गप्प झाले. ओठ मिटले आणि मनात म्हणाले, वळा. वळा आता, जा परत, आपण घरी जाऊ. किती वेळ गेला मला माहीत नाही. मॅडमचं वल्हं थांबलं होतं. हे हात हलवत नव्हते, ओरडत नव्हते, माझ्यावर चिडत नव्हते. पहूरच्या विहिरीत बघतात तसं बघत होते, वर कुणीतरी आहे अशा भरवशानं. मंडळीतला हा मुका माणूस इथं बोलायला लागला होता आणि मी त्याचं तोंड बंद करायला निघाले होते.

"या!" मी ओरडले. आवाज चिरकला. "इकडे या! मी आहे इथं! अहो, या ना!"

आले. सरळ, सुतासारखे आले, आणि माझ्या पायाशी लाकडाला हात लावला. होडीत मॅडम टाळ्या वाजवत होत्या. मी ह्यांना ओढून वर घेतलं, टॉवेलात गुंडाळलं, डोकं खसाखसा पुसलं. ओठ निळे पडले होते. पुसता पुसता मला रडू फुटलं आणि ते आत मावेना, म्हणून सांगून टाकलं.

"मी मुद्दाम गप्प बसले होते. तुम्ही नापास व्हावं म्हणून. मला घरी जायचंय. मला पहिल्या दिवसापासून घरी जायचंय!"

ह्यांनी टॉवेलातून डोकं बाहेर काढलं. "ठाऊक आहे," म्हणाले.

"काय ठाऊक आहे?"

"घरी जायचंय ते. आणि सरळ पोहणं मला मंगळवारीच जमलं. तू सकाळी नाश्त्याच्या कामात होतीस तेव्हा, मॅडमसमोर दोनदा पार करून आलो."

मी अशी संतापले! दहा दिवस घसा फोडून घेतला मी, आणि हे? "मग आज मध्येच थांबलात कशाला? जीव टांगणीला लावायला?"

दात वाजत होते, त्यामुळे ह्यांना नीट बोलताही येईना. माझा हात टॉवेलात धरून ठेवला.

"तुला विचारायला," हे म्हणाले. "आधी विचारलंच नव्हतं ना."