सुप्रीतीदींनी इमारत सोडली नाही

आमच्या ऑफिसपाड्यात, म्हणजे कलकत्त्यातल्या कचेऱ्यांच्या भागात, माणसं नोकरी धरून राहायची. कंपनी दुसऱ्या रस्त्यावर गेली की तीही डबा घेऊन तिकडे. सुप्रीती गुहठाकुरतांचं उलटं होतं. त्यांनी इमारत धरून ठेवली आणि कंपन्या बदलल्या.

कलकत्त्याच्या हायकोर्टामागच्या गल्लीतलं डंकर्टन हाउस तागाच्या व्यापारातल्या एका साहेबानं बांधलेलं. खाली गोदाम, मध्ये कचेऱ्या, वरच्या मजल्यावर साहेबाचं बिऱ्हाड. सुप्रीतीदी तिथे टायपिस्ट म्हणून आल्या तेव्हा शेवटचा साहेब सामान बांधत होता आणि इमारत सोंथालिया नावाच्या मारवाडी शेठनं घेतली होती. फाळणीत दीदींचं घरदार पूर्व बंगालात, बरीशालला राहिलेलं. जादवपूरच्या निर्वासित वसाहतीत आजारी वडील आणि शाळेत जाणारे भाऊ. थोड्याच वर्षांत तागाची कंपनी बंद पडली. बाकीचे खाली चहावाल्यापाशी नशिबाला बोल लावत उभे राहिले. दीदी पदर खोचून एक जिना उतरल्या आणि जहाजांच्या एजंटाच्या कचेरीत शिरल्या.

"तुम्हाला टायपिस्ट हवी आहे," त्या म्हणाल्या.

"कोण म्हणालं? आमच्याकडे आहे की."

"तो दोन बोटांनी टाइप करतो. वरच्या मजल्यावर ऐकू येतं."

दुसऱ्या दिवसापासून त्या तिथे बसू लागल्या. पुढे जहाजं समुद्राजवळच्या हल्दिया बंदराला लागायला लागली, एजंट गेला. त्याच्या जागी पूरग्रस्तांचं सरकारी खातं आलं, दीदी त्यात. ते खातंही हललं, तेव्हा त्या तिसऱ्या मजल्यावर आमच्या चहाच्या कंपनीत आल्या. मी तिथे कारकून होतो. संपाच्या दिवसांत आम्ही मॅनेजरला त्याच्याच खोलीत कोंडलं, तेव्हा दारात घोषणा देणाऱ्यांत दीदी सगळ्यांत पुढे होत्या, आणि दुपारी त्याला मुरमुरे आणि चहा आत देणाऱ्याही त्याच.

"दीदी, तुम्ही नेमक्या कोणाच्या बाजूच्या?" मी विचारलं.

"मागण्या आपल्या आहेत, परितोष. भूक त्याची आहे. यात गोंधळ कसला?"

मग चहाचा लिलाव सिलिगुडीला सुरू झाला आणि आमच्या मालकांनी तिकडे जायचं ठरवलं. इथे थोरले सोंथालिया वारले होते. त्यांचा मुलगा बिजय याला डंकर्टन हाउस पाडून तिथे कचेऱ्यांचा उंच मनोरा बांधायचा होता. त्यानं लिफ्ट बंद केली. एकेक भाडेकरू कंटाळून निघून गेला.

दीदी मालकांकडे गेल्या. "मी सिलिगुडीला येणार नाही. तुमचा भाडेकरार अजून दोन वर्षं आहे. तेवढे दिवस कोपऱ्यातली खोली आणि जुनी टायपिंग मशिनं माझ्याकडे राहू द्या."

"एकटी काय करणार तिथे?"

"एकटी नाही. परितोष आहे."

मला हे तेव्हाच कळलं. बायको म्हणाली, डोकं फिरलंय का तुमचं? मी म्हटलं, असेल. पण सिलिगुडीची थंडी मला मानवणारी नव्हती.

पहिले महिने वाईट गेले. एवढ्या मोठ्या इमारतीत आम्ही दोघंच. एका दुपारी दीदी आमच्या जुन्या, आता रिकाम्या कचेरीत खिडकीपाशी पाठमोऱ्या उभ्या दिसल्या. खांदे हलत होते. मी परत फिरलो. थोड्या वेळानं त्या आल्या, तोंड धुतलेलं होतं, आणि म्हणाल्या, "चल. हायकोर्टात जाऊन येऊ."

कोर्टाच्या आवारात त्यांनी वकिलांना गाठून सांगितलं की अर्ज सकाळी द्या, दुपारच्या जेवणाआधी स्वच्छ टाइप करून मिळेल. काम येऊ लागलं. दीदींनी वसाहतीतल्या तीन मुलींना शिकवून बसवलं. तिन्ही जिने चढून वकील धापा टाकत यायचे, कुरकुरायचे, पण यायचे.

तेव्हा बिजयनं पाणी तोडलं.

वैशाखाचे दिवस. पालचौधुरी नावाचे बुजुर्ग, स्थूल बॅरिस्टर काळा कोट घालून वर आले, खुर्चीत कोसळले आणि लेकीला हाक मारावी तसं दीदींना म्हणाले, "आधी पाणी दे, मा."

"पाणी नाही," दीदी म्हणाल्या. "मालकांनी बंद केलंय."

"बंद केलंय म्हणजे? भाडं भरलेलं असताना?"

"हो."

बॅरिस्टरांनी रुमालानं मान पुसली. "लिहून घे," ते म्हणाले, आणि तिथेच बसून बिजय सोंथालियाला द्यायची नोटीस सांगितली. फी घेतली नाही. तहान भागली नव्हती म्हणून भाषा जरा जास्तच कडक झाली होती.

पाणी आठवड्याच्या आत आलं. मागोमाग बिजय स्वतः जिना चढून आला. त्याच्या मनोऱ्यात पैसे घालणारा भागीदार कोर्टकचेरीच्या नावानंच बिचकून बाजूला झाला होता.

"माझं नुकसान केलंत, दीदी," तो बसता बसता म्हणाला. "आता ही रिकामी इमारत घेऊन मी काय करू?"

"रिकामी तुम्ही केलीत. भरून मी देते. मोठ्या कचेऱ्यांचे दिवस गेले, बिजयबाबू. लाकडी भिंती घालून लहान खोल्या करा. समोर एवढे वकील बसायला जागा शोधतायत."

"वकिलांना भाड्यानं देऊ? आणि उद्या बाहेर काढायचं झालं तर?"

"बाहेर कशाला काढायचं? भाडं नको का तुम्हाला?"

बिजय हसला, बऱ्याच दिवसांनी हसल्यासारखा. "आणि हे सगळं बघणार कोण?"

"मी. पगार ठरवू. आधी लिफ्ट चालू करा."

लिफ्ट चालू झाली. पहिली खोली पालचौधुरींनी घेतली. त्यांच्यामागून वकील, अनुवादक, दातांचा डॉक्टर, पासपोर्टची कामं करणारे आले. टायपिंग मशिनं जाऊन संगणक आले तेव्हा दीदी साठी ओलांडलेल्या होत्या. मुलींच्या शेजारी बसून त्या ते शिकल्या. आता वरच्या मजल्यावर, साहेबाच्या बिऱ्हाडात, अमेरिकेतल्या दवाखान्यांचे हिशेब ठेवणारी एक कंपनी आहे.

दीदी निवृत्त झाल्या तेव्हा बिजयला समारंभ करायचा होता. दीदी म्हणाल्या, "हारतुरे नकोत. त्या पैशांत प्रत्येक मजल्यावर बायकांसाठी स्वच्छतागृह बांधा." त्यानं बांधली. आणि इमारतीचं काम माझ्याकडे आलं.

हिवाळ्यात नव्या खजुरी गुळाचे संदेश, दीदींची आवडती मिठाई, घेऊन मी जादवपूरला जातो. दीदींना आता कमी ऐकू येतं, पण चौकशी पूर्वीसारखीच असते. परवा गेलो तर खोक्याची दोरी सोडता सोडता त्यांनी विचारलं, "तळमजल्यावरचा झेरॉक्सवाला गेला म्हणे. त्या गाळ्यात कोण आलं?"

"अजून कोणी नाही, दीदी. बघतोय."

"इथे बसून?" त्या म्हणाल्या, आणि एक संदेश माझ्या हातावर ठेवून बाकीचं खोकं भाचीकडे दिलं.