गोळी बंद करून दिलेलं रक्त

माझी थोरली बहीण अमरावतीला पोटाच्या कॅन्सरने गेली. वर्षभर ती म्हणत होती, गॅस आहे. आम्हीही तेच म्हणत होतो. त्यामुळे माझं पोट जळायला लागलं, दोन घासांत पोट गच्च व्हायला लागलं, तेव्हा मी घरात कोणाला विचारलं नाही. आम्ही अकोल्याला राहतो. जठारपेठेत पोटाचे डॉक्टर बसतात, त्यांच्याकडे एकटीच गेले.

ते म्हणाले, पोटाचं आतलं अस्तर झिजलं का, ते आधी रक्तावरून पाहू. अस्तरात जे रस तयार होतात त्यांचा थोडा अंश रक्तात येतो, तो मोजतात.

"औषधं कोणती चालू आहेत?"

"एकही नाही," मी म्हटलं.

मी खोटं बोलले नव्हते. गॅसची गोळी मी रोज सकाळी चहाआधी घ्यायचे, पण तिला आमच्याकडे कोणी औषध मानत नाही. रोडगे आणि वांग्याच्या भाजीची पंगत उठली की बडीशेपेच्या ताटलीतच गोळ्यांची पट्टी फिरते. पाहुण्याला विचारलं नाही तर तो मनात धरतो.

रिपोर्ट डॉक्टरांनी दोनदा वाचला. "आजी, गॅसची गोळी घेता का?"

"ते तर घेतो मी. सारेच घेतात."

त्यांनी चष्मा काढून ठेवला. गोळीमुळे आकडे चढतात आणि झीज झाकली जाते, म्हणाले. दोन आठवडे गोळी बंद ठेवायची, मग पुन्हा रक्त द्यायचं. उलटीत रक्त दिसलं किंवा शौचाला काळं झालं तर थांबायचं नाही, लगेच यायचं.

चौथ्या दिवसापासून घशापर्यंत आग यायला लागली. मी ठेचा सोडला, चहा सोडला, ज्वारीची भाकर ताकात कुस्करून खाल्ली. माझं तोंड पाहून सून म्हणाली, "आत्याबाई, एखांदी गोयी घेऊन टाका. डॉक्टरले काय समजते?"

"डॉक्टरले नाही समजत. रक्ताले समजते."

तिने पट्टी उचलून कपाटात वर ठेवली. माझा हात तिथे पुरत नाही.

पंधराव्या दिवशी उपाशीपोटी जाऊन रक्त दिलं. या वेळी आकडा फार खाली आला. अस्तर झिजलेलं दिसतं, डॉक्टर म्हणाले. कॅन्सर आहे असं यावरून म्हणता येत नाही, नाही असंही म्हणता येत नाही. तोंडातून नळी घालून दुर्बिणीने पाहावं लागेल.

मुलगा सोबत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "माय, या वयात नयी कायले घालून घेतं? खाऊनपिऊन राय ना सुखानं."

"खाल्लेलं जाते कुठं मले? काय आहे ते माहीत पाहिजे."

"अन् वंगाळ निघालं तर?"

"तर वंगाळ आहे म्हणून माहीत होईन."

मी परत आत गेले आणि सगळ्यांत जवळचा दिवस मागितला. मंगळवार मिळाला. सोबत माणूस लागतं असं तिथल्या बाईंनी सांगितलं. मी मुलाकडे पाहिलं. त्याने खिशातून फोन काढला आणि साहेबाला सुट्टी मागितली.